क्लचवरचा पाय

माझ्या डाव्या पोटरीत अधूनमधून गोळा येतो. धुळ्याच्या डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला आणि काही झालेलं नाही असं सांगितलं. ते मलाही माहीत होतं. ज्या पायाला झालं तो पाय माझा नव्हता.

मी मुळातच भित्री. कुकरची तिसरी शिट्टी होते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या बाहेर उभी असते. जळगावात वाढले, शाळा-कॉलेज रिक्षात बसून केलं, आणि लग्न होऊन पारोळ्याजवळच्या या गावात आले तेव्हा म्हैस, विहीर, विंचू, सगळ्यांना क्रमाने घाबरून झालं. सासरी त्यावर पुष्कळ हसले लोक. वीस वर्षांत यातल्या बऱ्याच गोष्टी अंगवळणी पडल्या. म्हैस तर आता मलाच घाबरते. सगळं जरा स्थिरस्थावर झालं म्हणेपर्यंत घरात जीप आली.

आमची लिंबाची बाग नाल्यापलीकडे आहे. मधे अर्धा मैल काळी जमीन, मग नाल्याचा उतार, खाली वाळू, मग पलीकडचा चढ. पाऊस पडून गेला की त्या मातीत बैलगाडी आसापर्यंत बसते. लिंबं तर रोज तोडावी लागतात आणि सकाळी बाजाराला पोचवावी लागतात. भाड्याचा ट्रॅक्टर रोज कोण देतो? म्हणून नवऱ्याने भडगावकडच्या एका माणसाची जुनी जीप आणली. वरून उघडी, मागे क्रेट ठेवायला हौदा, आणि चारही चाकांना जोर. ती पहिल्यांदा चिखलातून वर चढली तेव्हा नवरा इतका खूश झाला की त्याने घरी येऊन आधी तिला पाणी मारलं, मग स्वतः पाणी प्यायला.

चढायची झकास, यात वाद नाही. फक्त सुरू व्हायची नाही आणि उभी राहायची नाही.

उभी राहायची नाही म्हणजे हातब्रेक नावापुरता. आमचं अंगण गोठ्याकडे थोडं उतरतं. म्हणून गाडी गोठ्याकडे तोंड करून, पहिल्या गियरमध्ये टाकून, पुढच्या चाकाखाली दगड देऊन लावायची. बंपरपासून गुरांच्या सिमेंटच्या गव्हाणीपर्यंत दोन-अडीच हात जागा उरायची. आणि सुरू व्हायची नाही म्हणजे चावी फिरवली की नुसता दिवा लागायचा, सेल्फ फिरायचाच नाही. त्यावर आमच्याकडचा सर्वमान्य इलाज म्हणजे पेचकस, स्क्रूड्रायव्हर. बॉनेट उघडायचं, आत वाकायचं, सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवायचा. चटकन ठिणगी पडते आणि इंजिन घरघरतं. गावातले निम्मे ट्रॅक्टर असेच सुरू होतात. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

आता गाडी गियरमध्ये असताना असं केलं तर ती सुरू होता होताच पुढे उडी घेणार, हे मलासुद्धा कळत होतं. गियर काढून ठेवावा तर त्या खिळखिळ्या दांड्याचा न्यूट्रल कुठला आणि दुसरा गियर कुठला हे हाताला कळायचं नाही. शिवाय गियर काढला की सगळा भार त्या एका दगडावर. तेव्हा नवऱ्याने मार्ग काढला. कुणीतरी आत बसून एका पायाने क्लच आणि दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. क्लच दाबलेला असला की गियर असून नसल्यासारखा.

हे कुणीतरी म्हणजे मी.

"तुले काहीच करनं नही. नुसतं बठनं शे," तो म्हणाला.

नुसतं बसायचं. बाईमाणसाला दिलेल्या कामाला आमच्याकडे नेहमी नुसतं लागतं. नुसत्या चार पोळ्या टाक, नुसतं दूध बघ. मी बसले. सीट इतकी मागे गेलेली की क्लच तळापर्यंत दाबायला मला कमरेत घसरून अर्धवट आडवं व्हावं लागायचं. मग नवरा बॉनेट उघडायचा. ते वर गेलं की माझ्यासमोर काचेऐवजी नुसता हिरवा पत्रा. त्या पत्र्याच्या पलीकडे, बंपर आणि गव्हाण यांच्या मधल्या दोन-अडीच हातांत, माझा नवरा. मला त्याचं काहीच दिसायचं नाही. फक्त आवाज यायचा.

"दाबं का?"

"दाबलं."

"पक्कं?"

"पक्कं. लवकर करा."

मग ठिणगीचा चट् आवाज, घरघर, आणि गाडी माझ्या खाली थरथरू लागायची. खरी भीती तिथून पुढे सुरू व्हायची. थंड इंजिन लगेच बंद पडायचं, म्हणून तो तसाच वाकून हाताने थोडा वेळ रेस देत राहायचा. ते अर्धं मिनिट असेल, फार तर एक मिनिट. त्या वेळात माझ्या मांडीला कापरं भरायचं. मला एकच विचार यायचा, की आता हा पाय माझं ऐकणार नाही. शिंक आली तर? चप्पल सटकली तर? गोळा आला तर? म्हणून मी चप्पल काढून अनवाणी बसायला लागले. सकाळी चहा प्यायचं सोडलं, कारण चहाने माझे हातपाय हलके पडतात असा मला संशय होता. नवरा बाहेर येऊन बॉनेट खाली घ्यायचा, माझ्या बाजूला यायचा, दांडा हलवून हलवून गियर काढायचा आणि म्हणायचा, "सोड आते." आणि मी घामाने ओली होऊन खाली उतरायची. बाकीचे लोक सकाळी व्यायामाला जातात. माझा हा व्यायाम.

मी काय कमी बोलले? रोज बोलले. जळगावला पाइप आणायला जाता तेव्हा दाखवा, पारोळ्याला मिस्त्री आहे त्याच्याकडे टाका. मिस्त्री म्हणे गाडी दोन दिवस ठेवून जा. आणि तोडणी सुरू असताना गाडी दोन दिवस ठेवायची कशी? "पुढला हप्ताले करी लेसू," हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं की मीच ते त्याच्या आधी म्हणून टाकायची. एकदा चिडून मी म्हटलं, "एखाद दिवशी माझा पाय निघाला तर?"

तो हसला. म्हणाला, "तुन्हा पाय? तुन्हा पाय नही निंघाव. तुन्हाइतकं भ्यानारं मानूस क्लचवर बठेल शे, म्हनीसन तं मी पुढे उभा ऱ्हास."

माझ्या भीतीवर तो निर्धास्त होता. मला त्या बोलण्याचा आधी राग आला आणि मग रात्रभर बरं वाटत राहिलं, हेही सांगून टाकते.

गाडी चालायला लागली की माझी भीती वेगळ्या जातीची. नाल्याच्या उतारावर क्रेट भरलेले, त्यावर तोडणीच्या बाया बसलेल्या, आणि हा गाणी म्हणत खाली उतरवतोय. मी आधीच उतरून पायी चालायची आणि बायांनाही उतरवायची. त्या हसायच्या, पण उतरायच्या. नाला ओलांडून पुन्हा चढायच्या. निदान तिथे मला दिसत तरी होतं. अंगणात समोर पत्रा असायचा.

त्या दिवशी सकाळचे सात वाजले असतील. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता, त्यामुळे इंजिन जास्तच आडमुठं झालेलं. दोनदा ठिणगी पडली आणि बंद झालं. तिसऱ्यांदा लागलं. नवरा पत्र्यामागे रेस देत होता. मी अनवाणी, कमरेत घसरलेली, दोन्ही पाय तळापर्यंत, डोळे पत्र्यावर. आणि अंगणाच्या फाटकाशी आबा खाकरले.

आबा म्हणजे माझे सासरे. इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही. आमच्या भागात घरातला मोठा पुरुष अंगणात किंवा ओसरीवर येण्याआधी बाहेरूनच खाकरतो. ती सूचना असते. सून बसली असेल तर तिने उठावं, पदर डोक्यावर घ्यावा, वाटेतून बाजूला व्हावं. आता नव्या मुली हे करत नाहीत आणि चांगलं करतात. आबांनी मला कधी उठ म्हटलं नाही, पदर घे म्हटलं नाही. उलट दोन-तीनदा बस बस म्हणाले. पण वीस वर्षं मी उठत आले. भाकरी थापत असले तरी, ताप असला तरी, ताटावर बसलेली असले तरी. त्यात आता माझा विचार नसतोच. खाकरणं कानावर पडतं आणि अंग उठतं.

तसं ते उठलं.

उजवा हात पदराकडे गेला, कंबर सीटवरून वर आली. उठण्यासाठी पाय आपल्याकडे ओढावे लागतात. मी ते ओढले.

गाडीने जी उडी घेतली तिच्यात माझं डोकं मागच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. दगड ओलांडल्याचा धक्का बसला, मग दुसरा, त्याहून मऊ धक्का. मऊ होता, हेच मी अजून विसरू शकत नाही. मग इंजिन बंद पडलं आणि अंगणात कमालीचं शांत झालं. म्हशीसुद्धा गप्प होत्या. पत्र्यामागून काही आवाज नव्हता.

मी मेले असं मला वाटलं. तो मेला असं वाटायच्या आधी मी मेले असं वाटलं.

मग तो ओरडला. माणूस ओरडतोय याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झालेला नाही. "मन्हा पाय," तो ओरडत होता, "गाडी मांगे ल्या, मन्हा पाय!" मी खाली उडी मारून पुढे गेले. त्याचा डावा पाय गुडघ्याच्या खाली बंपर आणि गव्हाणीच्या मधे चेपला होता आणि तो इंजिनावर पालथा पडून दोन्ही हातांनी रेडिएटर ढकलत होता, जणू गाडी एकट्याने मागे सारणार. मीही ढकलायला लागले. ती तसूभरही हलली नाही. गियरमध्ये होती ना.

ओरडणं ऐकून शेजारचे पाच-सहा जण धावले. सगळे एकदम बोलत होते. एक म्हणाला पेचकस लावून रिव्हर्स मारा, दुसरा म्हणाला ट्रॅक्टर आणून ओढा. आणि या सगळ्यांत आबा, जे एरवी घरात मीठ मागायचं असलं तरी हळू बोलतात, मोठ्याने म्हणाले, "कोनी काही सुरू करू नका. गाडी हाते मांगे लेवानी शे." मग माझ्याकडे बघून, "बेटा, वर बठ."

मला आधी कळलंच नाही. गियर सुटल्याशिवाय गाडी ढकलता येणार नव्हती. दांड्यावर भरवसा नव्हता. म्हणजे कुणीतरी पुन्हा क्लच दाबायला हवा होता. पण क्लच दाबला की गियरचा अडसर जाणार, अंगण उताराचं, आणि गाडीचा सगळा भार त्याच्या पायावर जाणार. म्हणून आधी ब्रेक, मग क्लच, मग माणसांनी पुढून भार घ्यायचा, आणि त्यांनी घेतला की मग ब्रेक सोडायचा. आबा हे मला सांगत होते, एक एक शब्द सुटा करून, आणि मी नाही नाही म्हणत होते. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बसवा, माझ्या पायानेच हे झालंय. खरं म्हणजे तिथले सगळे बाप्ये ढकलायला लागणार होते. आणि त्या गाडीचा ब्रेक दोनदा मारल्याशिवाय धरत नाही, क्लच कुठे लागतो, हे नवऱ्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

मी चढले. पुन्हा तीच सीट, तेच घसरणं, समोर तोच हिरवा पत्रा. त्याचं कण्हणं पत्र्यापलीकडून येत होतं. आबा माझ्या बाजूला, अगदी हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. आणि माझा हात पुन्हा पदराकडे निघाला. इतक्या सगळ्यातही निघाला. मला स्वतःची शिसारी आली.

आबांनी माझं मनगट धरलं. वीस वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. "ऱ्हाऊ दे तो पदर," ते म्हणाले. "मी उभा ऱ्हाऊ का पडू, तू उठू नको. पाय तठेच ठेव."

मी ब्रेक दोनदा मारून धरला, क्लच तळाला नेला. पुढून माणसांनी बंपरला खांदे लावले. मला डावा-उजवा कळेनासा झाला होता. उजवा म्हणजे जेवायचा, असं मी मनात म्हणत होते, जेवायचा पाय सोडायचा. पाय कुठे जेवतो? पण मला तेवढंच सुचत होतं.

"बठ्ठा जन एकदम," आबा म्हणाले. "बेटा, आते उजवा सोड. डावा नही."

मी उजवा सोडला. गाडी क्षणभर पुढे झुकली, तो किंचाळला, आणि मग ती मागे सरकायला लागली. वीतभर, हातभर. कुणीतरी चाकाखाली दगड टाकला, दुसरा टाकला. त्याला काढल्याचे आवाज आले. शेजाऱ्याची गाडी फाटकात आली, त्याला आडवं घातलं, धुळ्याला न्यायचं ठरलं, कुणीतरी माझ्या नावाने ओरडलं की चल. हे सगळं मला ऐकू आलं. पण मी उतरले नाही. डावा पाय तळाला, आणि आता उजवाही पुन्हा ब्रेकवर गेलेला. चाकाखाली दगड आहेत, इंजिन बंद आहे, पुढे कुणी नाही, हे सगळं कळत होतं. पाय काढता येत नव्हता. मला वाटत होतं मी काढला की पुन्हा ते होईल.

गाडी निघून गेली. अंगण रिकामं झालं. आबा मुलाबरोबर गेले नव्हते. माझ्या बाजूला उभे राहून दोनदा म्हणाले, व्हयनं बेटा, उतर. मी मान हलवली, पण उतरले नाही. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. फाटकाशी खाकरल्यावर माझा हात कुठे गेला होता हे त्यांनी तिथून पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस धोतर सावरून खाली, शेणामातीत, गाडीच्या पायरीपाशी मांडी घालून बसला. माझ्या पायांच्याही खाली.

"मी बठनू," ते म्हणाले. "आते काढ पाय."

मी आधी उजवा काढला, मग डावा. काही झालं नाही. मग मी रडले, आणि तेही बसल्या जागी रडले. थोड्या वेळाने आम्ही दोघं एस.टी.ने धुळ्याला गेलो.

पाय वाचला. नळीची दोन्ही हाडं मोडली होती, आत सळई टाकावी लागली. डॉक्टर म्हणाले चालेल, थोडा लंगडेल. वॉर्डात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नवरा सांगायचा की गाडी जुनी, तिला काय भरवसा. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी चार दिवस बिस्किटं आणि चहा वाटत तोंड मिटून राहिले. पाचव्या दिवशी आबा डबा धुवायला बाहेर गेले तेव्हा मला ते सहन होईना. मी त्याला सांगितलं. पाय घसरला नाही, गोळा आला नाही. आबा खाकरले आणि मी उठले.

मला वाटलं आता चिडेल. चिडावं असंच वाटत होतं.

"मीबी आयकं," तो म्हणाला. "मन्हा डावा पाय बंपरवर व्हता. रेस देवाले वर घेयेल व्हता. दुसरा गव्हाणीना बाहेर व्हता. आबा खाकरनात अन् मी डावा खाले लिधा."

आबांना गाडीवर पाय ठेवलेला खपत नाही. दसऱ्याला जिची पूजा करतो तिच्यावर पाय कसा ठेवायचा, असं त्यांचं असतं. ते पाहत असताना नवरा कधी ठेवायचा नाही. तेव्हा पत्र्याच्या या बाजूला मी उठले आणि त्या बाजूला त्याने पाय खाली घेतला, गव्हाणीच्या बरोबर समोर, एकाच वेळी, एकाच कारणाने. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही भीती वाटली. मग दाराशी आबांची पावलं वाजली आणि आम्ही गप्प झालो. त्यांना अर्धी गोष्ट माहीत आहे आणि ती अर्धीच त्यांना जड जाते. उरलेली आम्ही अजून सांगितलेली नाही.

जीप दुरुस्त झाली. सेल्फ, हातब्रेक, दांडा, सगळं. त्यासाठी तिला मिस्त्रीकडे दोन नाही, नऊ दिवस ठेवावं लागलं आणि लिंबं काही मेली नाहीत. नवऱ्याचा डावा पाय क्लचला नीट चालत नाही म्हणून गाडी मी शिकले. आधी चारही बाजूंनी वाकून बघते, मग चढते, हातब्रेक ओढलेला आहे का ते बघते, गियर काढून दांडा डावी-उजवीकडे हलवते, तरीही क्लच दाबते, आणि मगच चावी. पुढे माणूस उभा असेल तर चावीला हात लावत नाही, मग तो कितीही घाईत असो. लोकांना माझं हे सोवळं वाटतं. पेचकस मी घरात ठेवत नाही.

आणि आबा आता खाकरत नाहीत. इतक्या वर्षांची सवय त्यांनी त्या एका सकाळी टाकली. अंगणात मुकाट येतात, अचानक बाजूला उभे दिसतात, आणि मी दर वेळी दचकते. पण बसल्या जागी दचकते.